तापाचा चौथा दिवस तुमच्यापर्यंत पोचत नाही : कोकणातल्या फॅमिली डॉक्टरांचे खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
मा. अधिष्ठाता आणि पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागप्रमुख, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

विषय : प्राथमिक आरोग्यसेवेतल्या संशोधनात खासगी फॅमिली डॉक्टरांना बरोबरीची जागा मिळण्याबाबत.

स.न.वि.वि.

लावणीच्या दिवसांत ताप दवाखान्यात कसा येतो, ते आधी सांगतो. दिवसभर चिखलात वाकून काम केलेल्या माणसाला संध्याकाळी कणकण वाटते. पहिला दिवस गवती चहावर आणि काढ्यावर जातो. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून पॅरासिटामॉल येते, कारण पाऊस आहे तोवर लावणी उरकायची असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो आमच्या बाकावर येऊन बसतो. अशांपैकी बहुतेकांचा ताप आठवड्याभरात उतरतो. थोड्यांचे डोळे लाल होतात, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, लघवी कमी होते. त्यांना आम्ही चिठ्ठी देऊन सिव्हिलला पाठवतो. तुमच्या वॉर्डात तो पोचतो तेव्हा तापाचा सहावा-सातवा दिवस असतो.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंगी, स्क्रब टायफस, मलेरिया आणि साधा विषाणूजन्य ताप चौथ्या दिवशी एकमेकांसारखेच दिसतात. त्यातला कोणता बिघडणार हे त्याच दिवशी ठरवायचे असते, आणि ते ठरवण्यासाठी आमच्या हाताशी असलेले ज्ञान वॉर्डातल्या, म्हणजे आधीच बिघडलेल्या रुग्णांवरून आलेले आहे. पिवळे डोळे हे लेप्टोचे लक्षण म्हणून पाठ्यपुस्तकात ठळक असते. दवाखान्यात येणाऱ्या लेप्टोच्या बहुतेक रुग्णांचे डोळे पिवळे नसतात.

केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडलेला हिशेब तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवता. १००० प्रौढांमध्ये महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात भरती होतात आणि फक्त १ जण विद्यापीठाच्या रुग्णालयात पोचतो. ते आकडे अमेरिका आणि ब्रिटनचे. पण बाकी २४९ जण कुठे गेले, हा प्रश्न कोकणात आजही तसाच उभा आहे आणि त्याचे उत्तर आमच्या नोंदवह्यांत आहे.

प्राथमिक पातळीवरून जगाच्या उपयोगी पडणारे संशोधन होऊ शकते, हे कोकणाला वेगळे पटवून द्यायला नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून लाल विंचवाच्या दंशाची निरीक्षणे टिपली. ती १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आली. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरात आणले. प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र द्यावे की नुसते प्राझोसिन, याची ७० रुग्णांवरची चाचणी महाडमध्येच झाली आणि २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आली. त्याही आधी इंग्लंडमध्ये, यॉर्कशरच्या एका दरीत विल्यम पिकल्स नावाच्या गावडॉक्टरने कोण कोणाला कधी भेटले याच्या नोंदी ठेवून साथीच्या काविळीचा सुमारे महिनाभराचा सुप्तकाळ काढला होता. मोठ्या शहरात ते जमले नसते. आपल्या वाडीवर जमेल, कारण मुंबईहून कोण कोणत्या गाडीने आले आणि कोणाच्या घरी उतरले हे वाडीला ठाऊक असते. पण बावस्करांसारखा एखादा माणूस स्वतःच्या चिकाटीवर उभा राहील याची वाट पाहणे म्हणजे व्यवस्था नव्हे. व्यवस्था कशी असावी, ते आम्ही पुढे तपशिलाने मांडतो आहोत.

आज आम्हाला संशोधनात बोलावले जाते ते दोन प्रकारे. एक, प्रबंधाची मुदत जवळ आलेला पदव्युत्तर विद्यार्थी चार पानी प्रश्नावली घेऊन भर ओपीडीत येतो. प्रश्न त्याने नाशिक-पुण्याच्या अभ्यासांतून उचललेले असतात. आम्ही ती रात्री आठवणीने भरतो, आणि आठवणीने भरलेली माहिती कामाची नसते. दोन, औषध कंपनीचा प्रतिनिधी 'अभ्यासा'चे फॉर्म आणतो, ज्यात उत्तर आधीच ठरलेले असते. शिवाय कायद्याने द्यायची माहिती आहेच. २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण कळवायचा असतो. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली की ५०० रुपये, उपचाराचा निकाल कळवला की आणखी ५०० रुपये मिळतात. संशयित साथरोगांचा पी फॉर्म असतो. हे सारे आम्ही करतो आणि करावेच. मात्र माहिती वर जाते, खाली काही येत नाही. आपल्या तालुक्यात या महिन्यात किती लेप्टो निघाले, हे माहिती पाठवणाऱ्या डॉक्टरला वर्तमानपत्रातून कळते. अशा ठिकाणी तिसऱ्या वर्षी फॉर्म रिकामे येऊ लागतात, ते आळसामुळे नव्हे.

म्हणून आमचे पहिले मागणे असे की प्रश्न ओपीडीतून उचला. नमुन्यादाखल एक प्रश्न पूर्ण मांडून दाखवतो : जून ते ऑक्टोबर या काळात खासगी दवाखान्यांत येणाऱ्या प्रौढांच्या तापात लेप्टोचे प्रमाण किती, आणि ताप सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांत दिसणाऱ्या कोणत्या खुणांवरून तो ओळखता येतो?

आकार आधी. लेप्टोचे प्रमाण २० टक्के असेल असे केवळ गणितापुरते धरू आणि ते ५ टक्के इकडेतिकडे इतक्या नेमकेपणाने हवे असे म्हणू. नेहमीच्या सूत्राने चार गुणिले ०.२ गुणिले ०.८, भागिले ०.०५ चा वर्ग : २५६ रुग्ण. बरेचसे प्रबंध इथेच थांबतात आणि चुकतात. एका दवाखान्याचे रुग्ण एकाच मळ्यात राबणारे, एकाच वहाळाचे पाणी तुडवणारे असतात. ते एकमेकांसारखे असतात, म्हणून २५६ जणांकडून २५६ जणांइतकी माहिती मिळत नाही. प्रत्येक दवाखान्यातून २० रुग्ण घ्यायचे आणि त्यांच्यातले साधर्म्य (शून्य ते एकच्या मापावर) ०.०५ धरायचे, तर संख्या १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पटीने वाढवावी लागते. ती होते जवळपास ५००. म्हणजे २५ दवाखाने आणि प्रत्येकी २० रुग्ण. जून ते ऑक्टोबर हे बावीसेक आठवडे आहेत. एका डॉक्टरवर आठवड्याला एका रुग्णाचा बोजा पडतो, आणि तो पेलण्यासारखा आहे.

आता निवड. डॉक्टरला मोकळे सोडले की तो 'चांगली केस' निवडतो. लाल डोळ्यांचा, पोटऱ्या धरून आलेला रुग्ण घेतो, आणि प्रमाण फुगते. उलट आठवडी बाजाराच्या दिवशी बाकावर तीस माणसे असली की तो कोणालाच घेत नाही, मग बाजाराला येणारी लांबची वाडी अभ्यासातून गळते. यावर तोड अशी : पहिल्या आठवड्यात सोमवार, दुसऱ्यात मंगळवार, असा वार पुढे सरकत जावा आणि त्या दिवशी सकाळी पहिला बसेल असा पात्र रुग्ण घ्यावा. त्याने नकार दिला तर पुढचा. नकाराचीही नोंद वय आणि लिंगासह हवी, नाहीतर कोण गळले ते शेवटी सांगता येत नाही.

पात्र कोण? वय १८ च्या वर, ताप १४ दिवसांपेक्षा कमी, आणि काखेतले तापमान ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक. इथे एक 'किंवा' विसरू नका : गेल्या २४ तासांत ताप होता असे रुग्ण सांगत असेल तर तोही. पॅरासिटामॉल घेऊन एसटीने आलेल्या माणसाचे तापमान दवाखान्यात साधेच भरते. नुसत्या थर्मामीटरवर विसंबलात तर औषध घेऊन येणारे सगळे बाहेर राहतील.

'ताप किती दिवस?' हा फॉर्मवरचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात चुकीचा भरला जाणारा रकाना. माणूस दिवस मोजतो ते कामावर जाता आले नाही तिथून. हुडहुडी त्याआधी दोन दिवस भरलेली असते. म्हणून किती दिवस असे न विचारता 'पहिली हुडहुडी कोणत्या वारी भरली, तेव्हा कुठे होतात?' असे विचारावे आणि तारीख आपण लिहावी. पुढची सगळी तपासणी या तारखेवर उभी आहे. पहिल्या आठवड्यात लेप्टोचे जंतू रक्तात असतात, ते पीसीआर या जनुकीय चाचणीवर सापडतात. आयजीएम, म्हणजे शरीराने जंतूंविरुद्ध बनवलेले प्रतिपिंड, साधारण पाचव्या-सातव्या दिवसानंतर वर येते. डेंगीच्या विषाणूचे एनएस१ हे प्रथिन पहिल्या पाच दिवसांत विश्वासाचे. तिसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आले आणि तारीख चुकून सातवा दिवस दाखवत असेल, तर लेप्टोचा रुग्ण 'लेप्टो नाही' या खान्यात जाऊन बसतो.

रक्ताच्या दोन नळ्या लागतात. लाल टोपणाची साधी, ५ मिली, सीरमसाठी (गोठलेल्या रक्तातून सुटणारा पातळ भाग), आणि जांभळ्या टोपणाची ईडीटीए, ३ मिली, पीसीआरसाठी. हिरव्या टोपणाची हेपरिनची नळी पीसीआरला चालत नाही, हेपरिन ती चाचणीच अडवते. लाल नळी अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्यायचे आणि शक्यतो दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळे काढायचे. अडचण इथेच आहे. बहुतेक दवाखान्यांत सेंट्रिफ्यूज नसते. सकाळी अकराला काढलेले रक्त संध्याकाळच्या गाडीने जिल्ह्याच्या गावी गेले तर पोचेपर्यंत पेशी फुटून सीरम लालभडक होते आणि लॅब ते नाकारते. बर्फाला थेट टेकलेली नळी फुटक्या पेशींनी भरते. सिरिंजची सुई न काढता नळीत जोराने दाबून सोडलेल्या रक्ताचेही तेच होते. उपाय महागडा नाही. दर पाच दवाखान्यांमागे बाजारपेठेतली एक पॅथॉलॉजी लॅब जोडून घ्यावी, तिथे सीरम वेगळे व्हावे आणि २ ते ८ अंशांत ठेवून आठवड्यातून दोनदा एका माणसाने ते उचलून न्यावे. वीज गेलेली असते म्हणून लॅबच्या फ्रिजमध्ये तापमापक आणि सोबत भिंतीवर नोंदीचा कागद हवाच. पावसाळ्यात एका वादळानंतर दोन-दोन दिवस वीज नसते.

खात्रीचे निदान मात्र जोडनमुन्यावर होते. १० ते १४ दिवसांनी दुसरे सीरम घ्यायचे आणि एमएटी या चाचणीत प्रतिपिंडांची चौपट वाढ पाहायची. हा दुसरा नमुनाच सगळे अभ्यास बुडवतो. ताप उतरलेला माणूस रक्त द्यायला दवाखान्यात येणार नाही, तो बेणणीला गेलेला असेल. गणपतीच्या आठवड्यात ज्याचा पहिला नमुना घेतला तो चाकरमानी तर अकराव्या दिवशी विरारला असेल. म्हणून दुसरा नमुना घरी जाऊन घेण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा, आणि फॉर्मवर 'गेला महिनाभर मुक्काम कुठे होता' व 'दोन आठवड्यांनी कुठे असाल' असे दोन प्रश्न ठेवा. लेप्टोवरचे डॉक्सीसायक्लिन आधी घेतले होते का, हाही रकाना हवा. साथीत गावागावांत त्या गोळ्या वाटल्या जातात.

फॉर्म एका पानाचा, पाठपोट नको. भरायला दोन मिनिटांहून जास्त लागला तर तो रात्री भरला जाईल. निदानाच्या रकान्यात 'व्हायरल' लिहायची सवय आम्हा सगळ्यांना आहे. ती घालवायची तर निदानाची सक्ती काढून टाका. जागतिक फॅमिली डॉक्टर संघटनेचे, वोन्काचे, प्राथमिक सेवेसाठीचे आयसीपीसी वर्गीकरण १९८७ पासून आहे. त्यात रुग्ण ज्या कारणाने आला ते कारणच नोंदवता येते. ताप म्हणजे ए०३, इतकेच. निदान नंतर झाले तर नंतर लिहा. रुग्णालयाचे वर्गीकरण पहिल्याच भेटीत निदान मागते, आणि मग खोटी खात्री कागदावर उतरते.

दुसरा प्रश्न रक्तदाबाचा, आणि त्याला रक्ताचा थेंबही लागत नाही. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, देवगड या बंदरांतल्या खलाशांच्या गोळ्या कधी सुटतात? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती माणसे घरी असतात, दवाखान्यात येतात, दाब आटोक्यात येतो. ऑगस्टमध्ये बोटी निघाल्या की पाठपुराव्याच्या वहीत रकाने रिकामे पडतात. 'दर तीन महिन्यांनी भेट' असा शहरी आराखडा इथे लावला तर निम्मे रुग्ण 'गळाले' म्हणून मोजले जातील. प्रत्यक्षात ते समुद्रावर असतात. भेटी बंदीच्या आणि हंगामाच्या हिशेबाने ठेवा, आणि एका वेळी दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्याने फरक पडतो का, एवढाच प्रश्न विचारा. त्याआधी मोजमाप तपासा. रुग्ण पाच मिनिटे पाठ टेकून बसलेला, हात हृदयाच्या पातळीवर, दंडाला बसणारा कफ, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन मोजण्या. दवाखान्याची जुनी वही उघडून शेवटचा अंक पाहा. दोन-दोनच्या खुणांच्या यंत्रावर पाचातली एक मोजणी शून्यावर संपायला हवी. दहातल्या सात शून्यावर संपत असतील तर ते अंदाज आहेत. अशा वहीवरून 'दाब ४ मिमीने उतरला' असे म्हणण्यात अर्थ नाही. आधी महिनाभर मोजायचा सराव, मग अभ्यास.

सर्पदंशाचे थोडक्यात सांगतो. सर्पदंशावरचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२४ मध्ये आला आणि त्याच वर्षी केंद्राने राज्यांना सर्पदंश 'कळवण्याजोगा आजार' करायला सांगितले. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. पोफळीच्या बागेत चावणारा हिरवा चापडा त्यात नाही. दंशानंतर पहिल्या तासात आमच्याकडे येणाऱ्यांत किती बिनविषारी, किती चापडा आणि किती फुरसे, ही मोजदाद कोणी तरी करायला हवी. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी आम्ही करू शकतो : २ मिली ताजे रक्त, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत, २० मिनिटे न हलवता. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर साधे रक्तही गोठत नाही आणि विनाकारण प्रतिविष दिले जाते. प्रत्येक दवाखान्याला नव्या काचेच्या पन्नास नळ्या दिल्या तरी ही चूक टळेल. आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूला आहे, सर्पदंशावर तिथे काम झाले आहे. कोकणाच्या दक्षिण टोकाला खासगी दवाखाने जोडून घेऊन तसेच काम सुरू करावे.

आता ज्या भिंतीवर आम्ही दरवेळी आपटतो तिच्याकडे येऊ. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे माणसांवरचा कोणताही अभ्यास नीतिसमितीपुढे जायला हवा. समितीत ७ ते १५ सदस्य, बैठकीला किमान ५, अध्यक्ष संस्थेबाहेरचा. २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे लागते. हे सगळे योग्यच आहे. पण दोन खोल्यांच्या दवाखान्यात समिती कुठून आणायची? दुसऱ्या संस्थेच्या समितीशी करार करून तिचे परीक्षण घ्यायला तत्त्वे परवानगी देतात. तुमच्या महाविद्यालयांच्या समित्या आमच्यासाठी उघड्या करा, अशी आमची विनंती आहे. करार एकदाच व्हावा, जिल्ह्यातल्या सर्व सहभागी दवाखान्यांसाठी. परीक्षणाचे तीन मार्ग आहेत : सूट, जलद आणि पूर्ण समिती. स्वतःच्या नोंदवहीचे नाव-गाव काढून केलेले परीक्षण बहुधा पहिल्या दोहोंत बसेल. तरी ते समितीने ठरवायचे, डॉक्टरने परस्पर नाही. तापाचा अभ्यास, ज्यात जादा रक्त घ्यायचे आहे, पूर्ण समितीपुढे जाईल असेच धरून चालावे. उपचारांची तुलना असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी स्वीकारली जात नाही, आणि उत्साहात हे विसरलेल्या डॉक्टरचा निबंध पुढे कोणी छापत नाही.

संमतीबद्दल मनापासून काळजी वाटते म्हणून सविस्तर लिहितो. वीस वर्षे ज्याच्याकडे घर औषध घेते त्या डॉक्टरला रुग्ण 'नको' म्हणत नाही. 'डॉक्टरांनू, तुमी सांगशात तसा' म्हणतो आणि सही करतो. ही संमती नव्हे, भिडस्तपणा आहे. म्हणून संमती डॉक्टरने घेऊ नये, त्याच्या कंपाउंडरनेही नाही. तुमच्याकडच्या नर्सने किंवा प्रशिक्षित विद्यार्थ्याने घ्यावी, फोनवरून समजावून का होईना, आणि ती होईपर्यंत डॉक्टर खोलीबाहेर असावा. माहितीपत्रक एका पानाचे, १४ पॉइंट अक्षरात, 'नकार दिलात तरी औषध तेच मिळेल' हे वाक्य वरच. वाचता न येणाऱ्याच्या अंगठ्याशेजारी अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही. नाव आणि क्रमांकाची जोडयादी दवाखान्यातल्या कुलपात राहील, बाहेर फक्त क्रमांक जाईल. फॉर्मचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायची सवय सगळीकडे आहे. ती पहिल्याच प्रशिक्षणात बंद करावी लागेल.

पैशांचे सरळ बोलू. डॉक्टरला रुग्णागणिक पैसे देऊ नका. रुग्णागणिक पैसे आले की तेरा दिवसांचा खोकला 'ताप' होतो. सहभागी दवाखान्याला हंगामाचे एक ठरावीक मानधन द्या आणि ते माहितीपत्रकात लिहा. रुग्णाला दुसऱ्या नमुन्यासाठी गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी द्या.

पदवीचाही मुद्दा आहे. कोकणातल्या गावांत संध्याकाळी दिवा लावून बसलेला डॉक्टर बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. त्याला वगळून 'प्राथमिक सेवेचा' अभ्यास केला तर तो तालुक्याच्या बाजारपेठेचा अभ्यास होईल. तापमान मोजणे, तारीख विचारणे, फॉर्म भरणे, पात्र रुग्ण ओळखणे याचे एक दिवसाचे प्रशिक्षण सगळ्यांना सारखे द्या, परीक्षा घ्या, उत्तीर्ण होईल त्याला घ्या. उपचार ज्याने त्याने आपल्या कायदेशीर मर्यादेत करावेत, अभ्यासाने त्यात ढवळाढवळ करू नये.

निबंधावर नाव कोणाचे, हे पहिला रुग्ण घेण्याआधी कागदावर ठरवा. नुसती माहिती गोळा करणाऱ्याचे आभार मानतात, लेखक म्हणत नाहीत. हा आंतरराष्ट्रीय दंडक आम्हाला मान्य आहे. म्हणूनच प्रश्न ठरवताना, फॉर्म बनवताना आणि निष्कर्ष लिहिताना दोन तरी दवाखानदार डॉक्टर बैठकीत हवेत, म्हणजे लेखकपण कमावून मिळेल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी-नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, आणि ते आज हॉटेलातल्या व्याख्यानांना बसून मिळतात. नीतिसमितीने मान्य केलेल्या अभ्यासात एक हंगाम काम केल्याबद्दलही ते मिळावेत, अशी शिफारस विद्यापीठाने करावी. भारतीय चिकित्सा आणि होमिओपॅथीच्या परिषदांकडेही तशीच.

माणसे तुमच्याकडे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमात जावे लागते. एमबीबीएसचे विद्यार्थी कुटुंब दत्तक कार्यक्रमासाठी गावांत येतात. त्यांतला एक विद्यार्थी पाच दवाखान्यांचा समन्वयक झाला तर नमुने उचलणे, अपुरे फॉर्म त्याच आठवड्यात परत आणणे आणि दुसऱ्या नमुन्यासाठी फोन करणे ही तिन्ही कामे होतील. अपुरा फॉर्म महिन्याने परत आला तर काहीच आठवत नाही. चाचणीचा निकाल रुग्णाला आणि डॉक्टरला तीन दिवसांत कळावा, कारण तीन आठवड्यांनी आलेल्या पॉझिटिव्हचा कोणालाच उपयोग नाही. आणि दर महिन्याला एका पानावर आपापल्या तालुक्याचे आकडे सहभागी दवाखान्यांना यावेत. हे पान आले तर डॉक्टर दुसऱ्या वर्षी टिकतील.

पुढच्या पावसाळ्यात काम सुरू व्हायचे असेल तर आराखडा जानेवारीत लिहून व्हावा, नीतिसमितीची मान्यता मार्चअखेर यावी, प्रशिक्षण एप्रिलमध्ये व्हावे आणि मे महिन्यात पाच दवाखान्यांत दोन आठवडे फॉर्मची रंगीत तालीम व्हावी. मृगाच्या पहिल्या आठवड्यात पहिला रुग्ण. मार्च चुकला तर जून चुकतो, आणि मग वर्ष जाते.

तालीम घ्यायला तयार असलेल्या पाच दवाखान्यांची यादी आणि एक पानी फॉर्मचा मराठी मसुदा आमच्याकडे आहे. बैठक जिल्ह्याच्या गावी, रविवारी दुपारी दोननंतर ठेवावी. रविवारी सकाळी आमच्यापैकी बहुतेकांची ओपीडी असते.

कळावे.

आपले,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत दवाखाना चालवणारे काही फॅमिली डॉक्टर